अध्यक्षांचा आवाज आणि आमच्या दारासमोरचं गटार

आमच्या प्रांतात देशाच्या अध्यक्षांचा आवाज फारसा कुणी ऐकलेलाच नव्हता. लोकांनी ऐकला होता तो माझ्या काकांचा.

अध्यक्ष दर गुरुवारी संध्याकाळी सहाला राजधानीहून रेडिओवर बोलायचे, तेही राजधानीच्या भाषेत. ती भाषा आमच्याकडे शाळेत शिकवत आणि शाळा संपली की माणसं ती दप्तरासोबत खुंटीला टांगून ठेवत. त्यामुळे सहाचा रेडिओ ऐकणारी आमच्या गल्लीत दोनच घरं होती. एक निवृत्त मास्तरांचं, आणि दुसरं त्यांच्या भिंतीला भिंत लागून असलेलं, ज्यांना काही इलाज नव्हता. सातला मात्र तेच भाषण आमच्या भाषेत, आमच्या केंद्रावरून लागायचं आणि सगळ्या खिडक्यांतून एकच आवाज गल्लीत उतरायचा. तो आवाज काकांचा.

काका अंगापिंडानं अगदीच बेताचे. शर्ट त्यांना घातल्यासारखा दिसायचा नाही, अडकवल्यासारखा दिसायचा. पण आवाज असा खोल आणि भरदार, की पहिल्यांदा भेटणारा माणूस त्यांच्या मागे आणखी कुणी उभं आहे का ते वाकून बघायचा. काकू म्हणायची, लग्नाआधी मी नुसता आवाजच ऐकला होता, म्हणून फसले. असं म्हणताना ती काकांच्या ताटात वाढत असायची, त्यामुळे आम्ही ते फार मनावर घेत नसू.

एकदा अध्यक्ष स्वतः आमच्या शहरात आले. मैदान तुडुंब भरलं. अध्यक्ष उभे राहिले, माइक नीट केला आणि बोलायला लागले, तर आवाज निघाला तो बारीक, चिरका, सर्दी झाल्यासारखा. मैदानात चुळबुळ सुरू झाली. माझ्या शेजारी बाजारातली कांदेवाली मावशी बसली होती. तिनं जरा वेळ ऐकून घेतलं आणि माझ्या कानाशी लागून म्हणाली, “हा कुणीतरी दुसराच उभा केलाय. खरे साहेब पाण्याच्या टाकीमागे राहतात, माझ्याकडून कांदे नेतात.” मी तिला नीट समजावून सांगितलं. तिनं समजल्यासारखी मान हलवली आणि वळून शेजारणीला तेच सांगितलं. भाषण संपायच्या आत निम्मं मैदान रिकामं झालं होतं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात ‘शिस्तबद्ध जनसमुदाय’ असं छापून आलं.

घोळ सगळा ‘मी’चा होता. केंद्राचा नियमच तसा. मजकुरात ‘मी’ असेल तर वाचणाऱ्यानं ‘मी’च म्हणायचं. ‘अध्यक्ष म्हणाले’ असं म्हणायचं नाही, आपलं नाव घ्यायचं नाही, आवाजात राग नको, आनंद नको, शंका तर मुळीच नको. काका नियमाला इतके पक्के की लाल पेन्सिलीनं श्वास घ्यायच्या जागासुद्धा खुणा करून ठेवत आणि तेवढेच श्वास घेत. तेव्हा दर गुरुवारी आमचे काका अख्ख्या प्रांताला सांगत, मी नव्या पुलाचं काम हाती घेतलं आहे, मी करवाढ होऊ देणार नाही, मी अहोरात्र आपल्या हिताचाच विचार करत असतो. आणि शुक्रवारी सकाळी पिशवी घेऊन बाजारात जात.

त्या सभेनंतर काका नुसते वाचतात हे लोकांना कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण राजधानी लांब होती आणि काका हाताशी होते. न्हावी त्यांच्या गळ्याला वस्तरा लावून विचारायचा, साहेब, करवाढ नाही म्हणालात ना, मग माझ्या दुकानाला हे काय आलं? तोंडाला फेस असल्यामुळे काका फक्त डोळ्यांनी उत्तर द्यायचे. शिंपी त्यांची पँट शिवून देताना एक टाका मुद्दाम सैल ठेवायचा आणि म्हणायचा, बाकीचं काम अंतिम टप्प्यात आहे. न्हाव्यानं त्यांना नाव ठेवलं होतं गुरुवारसाहेब, आणि ते नाव असं चिकटलं की वाणीसुद्धा पुडी बांधताना तेच म्हणायचा.

दुसरा कुणी असता तर हात झटकून मोकळा झाला असता. काकांना ते जमेना. रविवारी ते सायकल काढून नदीवर जात आणि पुलाचा खांब वर आलाय का ते बघून येत. खांब काही आलेला नसे. मग सोमवारी कांदेवाली मावशीला आपणहून सांगत, अजून नाही हो आला. सगळं सिमेंट यांच्याच ताब्यात असल्यासारखं. माझे वडील, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, त्यांना म्हणायचे, दादा, तू वाचणारा आहेस, बांधणारा नाहीस. काका म्हणायचे, पण ‘मी’ कोण म्हणालं?

सगळ्यात मोठं भिजत घोंगडं होतं ते प्रांतसभेचं. आमच्या प्रांताला स्वतःची सभा नव्हती. रस्त्यावरचा दिवा गेला तरी तो बदलायची परवानगी राजधानीहून यायची. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, ते आमच्याकडे पोरांना वेगळं शिकवावं लागत नसे. प्रांताचा कारभार प्रांताच्या हाती द्या ही मागणी माझ्या जन्माआधीची, आणि तिच्यावरची अध्यक्षांची विधानं माझ्याबरोबर वाढलेली. मी शाळेत जायला लागले तेव्हा ती मागणी विचाराधीन होती. पुढे ती गांभीर्याने विचाराधीन झाली. मग तत्त्वतः मान्य झाली, त्या दिवशी मास्तरांनी हौसेनं गल्लीभर चहा पाजला. त्यानंतर ती अंतिम टप्प्यात आली आणि तिथे अशी काही रमली की मी कॉलेज संपवून पोस्टात नोकरीला लागले तरी ती तिथून हललेली नव्हती. प्रत्येक विधानाच्या शेवटी एक शब्द ठरलेला असायचा, लवकरच. काका तो शब्द फार सुरेख म्हणत, अगदी पोटातून. पहिली काही वर्षं लोकांनी त्यावर विश्वासही ठेवला.

आमच्या घरापुरतं बोलायचं तर प्रांताचा कारभार म्हणजे दारासमोरचं गटार. त्यावरची एक फरशी फुटून भोक पडलं होतं, मोठ्या माणसाचा पाय सहज जाईल एवढं. सरकारी गटाराला परवानगीशिवाय हात लावणं गुन्हा होता आणि काका पडले सरकारी नोकर, तेव्हा अर्ज करणं आलं. अर्ज माझ्याच हातून राजधानीला जायचे आणि उत्तरं माझ्याच हातात यायची. पहिलं उत्तर आलं, कोणते गटार ते कळवावे. कळवलं. मग आलं, गटार रस्त्याच्या डाव्या बाजूस आहे की उजव्या ते कळवावे. डाव्या, म्हणून कळवलं. त्यावर आलं, डावी बाजू कोणत्या दिशेने तोंड केले असता ते कळवावे. मी त्या लिफाफ्यांवर शिक्का असा आपटायचे की शेजारच्या खिडकीवरचा माणूस दचकायचा.

एके संध्याकाळी दूध घेऊन येताना काकूचा पाय त्या भोकात गेला आणि घोटा मोडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं, आणि काकू पुढे कायम डावा पाय जरासा ओढत चालायला लागली. दवाखान्यातून घरी आल्यावर तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर कपडे धुवायची आपली लाकडी फळी मला उचलायला लावून त्या भोकावर टाकली. जुनी, जाड, वापरून गुळगुळीत झालेली फळी होती ती. मोरीत विटांवर ठेवलेली असायची, म्हणजे उभ्यानं कपडे धुता यायचे. आता काकू जमिनीवर बसून धुवायला लागली आणि उठताना भिंत धरायला लागली. काका म्हणाले, दुसरी फळी आणतो. काकूनं विचारलं, कधी? आणि काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, लवकरच.

काकूनं पीळ घातलेला टॉवेल बादलीत ठेवला आणि वर न बघता विचारलं, “हे तुम्ही बोलताय की ते?”

काकांनी फळी आणली हो, दुसऱ्याच आठवड्यात आणली. पण ती पातळ निघाली आणि पाण्यानं वाकली. काकू म्हणाली, सरकारी दिसतेय. फळी गेली जळणात आणि तो प्रश्न मात्र घरात राहिला. आज वेळेवर येतो, असं काका म्हणाले की काकू विचारणार, हे तुम्ही बोलताय की ते? पंखा दुरुस्त करून घेतो म्हणाले की तेच. आम्ही सगळे हसायचो. काकाही हसायचे, पण त्यांना ते लागायचं. मला दिसत होतं. ज्याचा आवाज अख्खा प्रांत ओळखत होता त्या माणसाचा शब्द त्याच्याच स्वयंपाकघरात चालत नव्हता, आणि काकू ते दुष्टपणानं करत नव्हती, हे जास्त वाईट होतं. तिला खरंच आता कळत नव्हतं, कोणता शब्द धरायचा आणि कोणता सोडून द्यायचा.

मग तो गुरुवार आला.

काकांनी नंतर मला सांगितलं त्याप्रमाणे, मजकूर नेहमीसारखा दुपारी आला, भाषांतर होऊन, टाइप होऊन पाचला त्यांच्या हातात पडला. ते लाल पेन्सिल घेऊन बसले आणि तिसऱ्या पानावर थांबले. तिथे लिहिलं होतं की पुढील वर्षाच्या पहिल्या महिन्यात या प्रांतात निवडणूक होईल आणि प्रांताचा संपूर्ण कारभार प्रांतसभेच्या हाती सोपवला जाईल, असे मी जाहीर करतो. लवकरच हा शब्द कुठेच नव्हता. काकांनी पान उलटून मागे बघितलं. तिथेही नव्हता. ते पान घेऊन केंद्राच्या प्रमुख बाईंकडे गेले. बाई जेवणाचा डबा उशिरानं उघडून बसल्या होत्या. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, आलंय तसं वाचा.

घरी आम्ही स्वयंपाकघरात होतो. काकू शेंगा निवडत होती, मी मदतीला, आणि वडील घड्याळाला किल्ली देत होते. सात वाजले, काका सुरू झाले. ती निवडणुकीची ओळ आली आणि गेली. काकूनं पुढची शेंग घेतली. समोरच्या घरात कुणीतरी काडेपेटी मागितली. गल्लीतल्या एकाही माणसानं मान वर केली नाही, सहाला मूळ भाषण ऐकून बसलेल्या मास्तरांनीसुद्धा नाही. इतक्या वर्षांनी मिळालेली गोष्ट, आणि ती त्याच आवाजात आली म्हणून कुणाला ऐकूच गेली नव्हती. मलाही नाही. मी तेव्हा शेंगेतल्या किडीकडे बघत होते.

भाषण संपलं. नेहमी त्यानंतर सतार वाजायची. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. नुसता रेडिओचा खर्रर्र आवाज, आणि मग काका खाकरले. काका कधी खाकरत नसत, ते नियमात बसत नव्हतं.

“इथपर्यंत अध्यक्ष बोलले,” काका म्हणाले. “आता मी बोलतो. मी म्हणजे हे दर गुरुवारी वाचून दाखवणारा माणूस. इतकी वर्षं मी तुम्हाला लवकरच, लवकरच म्हणत आलो. त्यातलं काय काय आलं नाही, ते मला माहीत आहे. पण आजचा कागद मी उलटून पालटून बघितलाय. त्यात तो शब्द नाही. आपली सभा होणार. आणि नाही झाली, तर तुम्ही राजधानीला अर्ज करू नका. पाण्याच्या टाकीमागच्या गल्लीत, फुटक्या गटारासमोरच्या घरात मी राहतो. मला येऊन विचारा.”

मग सतार लागली.

काचेपलीकडे बसलेल्या तंत्रज्ञाला मध्येच बटण दाबून आवाज तोडता आला असता. त्यानं पुढे चौकशीत सांगितलं की बटण सापडलं नाही. ते बटण बशीएवढं होतं.

काकूनं शेंगांची परात बाजूला सरकवली. “पत्ता सांगायची काय गरज होती,” असं म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली. तोवर गल्लीत दारं उघडायला लागली होती. मास्तर बनियनवरच बाहेर आले आणि प्रत्येकाला विचारत सुटले, ऐकलंत का, ऐकलंत का. काका घरी पोचले तेव्हा लोकांनी त्यांना कोपऱ्यावरच गाठलं आणि सायकलसकट उचलायचा प्रयत्न केला, त्यात सायकलच्या घंटीचा कान तुटला. पुढचे काही दिवस मजेत गेले. न्हाव्यानं एकही प्रश्न न विचारता दाढी केली. शिंप्यानं सैल टाके घट्ट करून दिले.

केंद्रानं अर्थातच त्यांना घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. आणि पुढच्या गुरुवारी सातला नवा आवाज लागला, एरवी गाण्यांच्या कार्यक्रमात श्रोत्यांची नावं वाचणारा एक तरुण. त्यानं प्रांताला सांगितलं की माझ्या मागील आठवड्यातील विधानाचा काही घटकांनी विपर्यास केला आहे, निवडणुकीचा उल्लेख केवळ सूचक स्वरूपाचा होता, आणि प्रांतसभेच्या प्रश्नाचा सर्व बाजूंनी नव्याने अभ्यास करून मी योग्य तो निर्णय लवकरच घेईन.

काका खुर्चीत बसून ऐकत होते. चेहरा पांढराफटक पडला होता. मग ते म्हणाले, “श्वास चुकीच्या जागी घेतला त्यानं.”

वडील घाईघाईनं उठले आणि दाराला कडी घालायला निघाले. त्यांचं म्हणणं, काकांनी मागच्या दारानं निघून आठ दिवस परगावच्या नातेवाइकांकडे जाऊन राहावं, लोक आपोआप विसरतील. त्यांचं चुकत नव्हतं. लोक पुलाबद्दल विसरले होते, कराबद्दल विसरले होते. पण काका उठले, वडिलांचा हात कडीवरून बाजूला केला, दोन्ही दारं सताड उघडली आणि घरातल्या सगळ्या खुर्च्या पुढच्या खोलीत आणून मांडायला लागले. म्हणाले, मी ‘या’ म्हटलंय.

आणि लोक आले. आधी न्हावी, मग शिंपी, मग कांदेवाली मावशी, मग वरच्या आळीतला गवंडी, मग ज्यांना आम्ही ओळखतही नव्हतो असे कितीतरी. कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. ते नुसते खोलीत येऊन उभे राहिले. मांडलेल्या खुर्च्यांवर कुणी बसेना. शेवटी न्हावी म्हणाला, साहेब, तुम्ही म्हणाला होतात. आज काकांच्या तोंडाला फेस नव्हता.

“म्हणालो होतो,” काका म्हणाले. “चुकलो. मी शब्द दिला, पण तो माझ्या हातातला नव्हता.”

मग आता काय, असं कुणीतरी मागून विचारलं. मला वाटलं, आता हे एकेक करून निघून जातील, आणि काका पुन्हा कधी मान वर करून बाजारात जाणार नाहीत.

एवढ्यात बाहेर धपकन आवाज झाला आणि पाठोपाठ मास्तरांच्या तोंडून एक शब्द आला, जो त्यांनी आम्हाला शाळेत कधीच शिकवला नव्हता. मास्तर देहानं भरभक्कम. त्यांनी घाईत फळीच्या टोकावर पाय दिला, फळी कलंडली आणि मास्तर गुडघ्यापर्यंत गटारात गेले. गवंड्यानं आणि न्हाव्यानं त्यांना काखेत हात घालून उपसून काढलं. काकूनं मोरीत नेऊन त्यांचा पाय धुतला, घोटा दाबून बघितला, शाबूत आहे म्हणून सांगितलं आणि त्यांना काकांचा पायजमा दिला. तो मास्तरांच्या गुडघ्याशीच संपला. तसेच ते बाहेर आले आणि मधल्या खुर्चीवर बसले. ते बसले म्हणून मग सगळे बसले.

“हे गटार कुणाचं आहे?” मास्तरांनी विचारलं. वर्गात विचारायचे तसंच.

“राजधानीचं,” दोघातिघांनी सांगितलं.

“असेल,” मास्तर म्हणाले. “पाय इथला आहे.”

त्यावर पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मग गवंडी खाकरून म्हणाला की त्याच्या अंगणात एक चांगली जाड फरशी पडून आहे, नि काम म्हणाल तर अर्ध्या दिवसाचं. शिंप्यानं आठवण करून दिली की सरकारी गटाराला हात लावणं गुन्हा आहे. कांदेवाली मावशी म्हणाली, किती जणांना धरून नेतील, हात वर करा बघू कुणाकुणाला हे नीट करून हवंय. हात वर झाले. दाराला कडी घालायला निघालेल्या माझ्या वडिलांचा हात सगळ्यांत उंच होता. काकू मोरीच्या दारात उभी होती, हातात मास्तरांचं चिखलानं भरलेलं धोतर. तिनं धोतरासकट हात वर केला.

गवंड्यानं विचारलं, मग कधी करायचं?

आणि सगळी खोली काकांकडे बघायला लागली. ती नुसती सवय होती. इतकी वर्षं ‘कधी’चं उत्तर त्याच आवाजात यायचं. काकांनी तोंड उघडलं, आणि मी शपथेवर सांगते, त्यांची जीभ त्या जुन्या शब्दाकडे वळताना मला दिसली. काकूलाही दिसली असणार. त्यांनी तोंड मिटलं. गवंड्याकडे बघितलं. फरशी खरंच आहे ना, असं विचारलं. आहे, गवंडी म्हणाला.

“उद्या सकाळी,” काका म्हणाले.

आवाज रेडिओवरचा नव्हता. खोल वगैरे काही नाही, जरासा घोगराच, चारचौघांसारखा.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून भरभर सांगते. त्यानंतर दर गुरुवारी सातला लोक आमच्या पुढच्या खोलीत जमायला लागले. गटारानंतर दिवा झाला, दिव्यानंतर नळ. चार गल्ल्यांपलीकडच्यांनी आपल्याकडे तसंच सुरू केलं, आणि मग आणखी पलीकडच्यांनी. गटाराबद्दल राजधानीहून पुन्हा पत्र आलं, गटाराची खोली कळवावी. मास्तरांनी कळवलं, माझ्या गुडघ्यापर्यंत होती, आता नाही. काकांची चौकशी अजून अंतिम टप्प्यात आहे. त्यांना पुढे बसस्थानकावर गाड्या पुकारायचं काम मिळालं. तिथे ते गाडी आली असं पुकारायच्या आधी खुर्चीवरून उठून खिडकीतून ती खरंच आलीय का ते बघून यायचे. त्यामुळे आमच्या स्थानकावरच्या गाड्या नेहमी थोड्या उशिरा पुकारल्या जात, पण काकांचा आवाज आला की लोक एकदम पिशव्या उचलत. खरीखुरी प्रांतसभाही आली, कितीतरी वर्षांनी, दुसरे अध्यक्ष आल्यावर. ती बातमी कुणीतरी धावत घेऊन आलं तेव्हा आमच्याकडे पाण्याच्या पंपावरून वाद चालला होता. कांदेवाली मावशी म्हणाली, बरं झालं, पण आधी पंपाचं ठरू दे.

पण मला सांगायचंय ते त्या पहिल्या बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळचं.

मी पोस्टात जायला खाली उतरले तर गल्लीत चिटपाखरू नव्हतं. गवंड्याचा पत्ता नव्हता. आणि दारासमोरचं गटार आ वासून उघडं पडलं होतं, वर काहीच नाही. त्याच्या शेजारी स्टूल टाकून, दुखरा पाय समोर लांब करून काकू बसली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांभाळत. मी मोरीत डोकावून बघितलं. फळी घासूनपुसून, ओलीगच्च, परत आपल्या विटांवर गेली होती.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, काकू, अगं गवंडी अजून आलेला नाही, एवढ्यात फळी कशाला काढलीस? आणि तो आलाच नाही तर?

काका माझ्या मागे दारात येऊन उभे होते, हातात चहाचा कप. काकूनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे मात्र असं बघितलं, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले होते.

“ह्यांनी सांगितलंय ना,” ती म्हणाली, आणि मला पलीकडून वळसा घालून जायला सांगितलं.